दुसरा कोण आला?

गेल्या वर्षी बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे मँचेस्टरला आले होते, तेव्हा एका रविवारी त्यांना समुद्र दाखवायला म्हणून साउथपोर्टला नेलं. साउथपोर्ट माहीत असलेली माणसं इथेच हसतील, कारण साउथपोर्टला भरतीची वेळ साधली नाही तर समुद्र दिसतच नाही. वाळू असते, मग ओली वाळू असते, मग आणखी वाळू, आणि पार तिकडे आभाळाला टेकून एक करडी रेघ. बाबांनी डोळ्यांवर आडवा हात धरून बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाले, "पाणी कुठं ठेवलंय गं?" त्यात त्यांची टाच दुखत होती. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टेकलं की चेहराच सांगायचा. रबरी चपला घालून पाहिल्या, गरम-गार शेक झाला, टाचेखाली टेनिसचा बॉल फिरवून झाला, काही उपयोग नाही. म्हणून मग त्यांना वाळूत फार चालवलं नाही, गाडीत घातलं आणि लॉर्ड स्ट्रीटवर आणलं. तिथे वेफेरर्स आर्केड म्हणून काचेच्या छताचा जुना बाजार आहे, त्यात एका घोड्याचा पुतळा आहे. बाबा शेजारच्या खुर्चीवर बसले, बुटाची नाडी सैल केली आणि घोड्याच्या पायांकडे बघायला लागले. लोक आधी तोंड बघतात. बाबा पायच बघणार, ते पुढे सांगते.

मी गाइडच्या उत्साहात सांगायला सुरुवात केली, की बाबा, हा रेड रम, इथलाच, याने ग्रँड नॅशनल तीनदा जिंकली, १९७३, ७४ आणि ७७, आजवर दुसऱ्या कुठल्याच घोड्याला तीनदा जमलेलं नाही. बाबा नाडी बांधता बांधता म्हणाले, "दुसरा कोण आला?"

मला माहीत नव्हतं.

आता यात चिडण्यासारखं काय आहे, तर काही नाही. पण मी चिडले, कारण हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. सातवीत मी वर्गात पहिली आले, निकालाचा कागद नाचवत घरी आले तर बाबा म्हणाले होते, "वा! आणि दुसरी कोण आली?" आठवीत तेच. बाबांच्या बँकेत कुणाला प्रमोशन मिळालं, गावात कुणी निवडून आलं, टीव्हीवर कुणी गाण्याची स्पर्धा जिंकली, बाबांचा प्रश्न एकच. शाळेत असताना मला वाटायचं यांना माझं कौतुकच नाही. नंतर नंतर मी तो प्रश्न ऐकायचाच सोडून दिला, पंख्याच्या आवाजासारखा. आणि आता चाळिशी उलटल्यावर परक्या गावात एका ब्रॉन्झच्या घोड्यासमोर तो पुन्हा आला आणि मला गप्प करून गेला. रात्री सगळे झोपल्यावर मी फोन उघडला. दहा मिनिटं बघू म्हणून, आणि दोन वाजले.

आपल्याकडे रेस म्हटलं की महालक्ष्मी नाहीतर पुणे, सपाट हिरवळ, दीड-दोन मिनिटांत खेळ खलास. इथली ही स्टीपलचेस वेगळी. एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत मधे येईल ते कुंपण, ओढा, बांध ओलांडत घोडे फेकायचे, त्या खुळातून निघालेला हा प्रकार. त्यातली सगळ्यात मोठी ग्रँड नॅशनल, लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) नावाच्या मैदानावर. तेव्हा ती सव्वासात किलोमीटरच्या आसपास होती, आणि वाटेत तीस उड्या. एका अडथळ्याचं नाव बीचर्स ब्रूक, कारण १८३९ साली कॅप्टन बीचर नावाचे गृहस्थ तिथल्या ओढ्यात पडले. पडल्याबद्दल नाव अमर झालेला माणूस, त्यातलं पहिला आणि दुसरा बाजूलाच.

तर हा रेड रम. जन्म १९६५, आयर्लंडमधला. आईचं नाव मॅरेड, बापाचं क्वोरम, दोघांची शेपटं जोडून रेड रम. (इंग्रजीत हे नाव उलटं वाचलं तर मर्डर होतं, ते कुणाच्या लक्षात आलं होतं का नव्हतं देव जाणे.) लिलावात ४०० गिनींना (गिनी म्हणजे पाउंडाहून किंचित जास्त) गेला, म्हणजे किरकोळात. लांब पल्ल्याच्या उड्यांसाठी त्याला कुणी घेतलंच नव्हतं, तो होता छोट्या सपाट रेसचा घोडा. पहिली रेस १९६७ मध्ये, दोन वर्षांचा असताना, आणि ती नेमकी एन्ट्रीलाच, हजार मीटरची. ती सेलर होती, म्हणजे जिंकणारा घोडा रेस संपल्यावर तिथल्या तिथे लिलावात उभा करतात. त्या रेसमध्ये काय व्हावं? कर्लिक्यू नावाच्या घोड्याबरोबर डेड हीट. दोघं पहिले. बाबांना सांगितलं असतं तर निरुत्तर झाले असते.

पुढची पाच वर्षं म्हणजे हातोहात फिरणं. मालक बदलले, ट्रेनर बदलले, सपाटवरून हर्डल म्हणजे छोट्या उड्या, हर्डलवरून मोठ्या उड्या. आणि कधीतरी त्याचा पाय गेला. खुराच्या आतल्या हाडाला सूज, पेडल ऑस्टिआयटिस म्हणतात. आपल्याकडे नालबंद म्हणेल, पायात दोष आहे, गाडीला चालेल, रेसला नाही. १९७२ च्या ऑगस्टमध्ये डॉनकास्टरच्या लिलावात सात वर्षांचा हा घोडा उभा होता आणि त्याच्यावर ६,००० गिनींची बोली लावली जिंजर मॅकेननं.

हा मॅकेन मला फार आवडला. टॅक्सी चालवायचा, सेकंडहँड गाड्या विकायचा, आणि शोरूमच्या मागच्या बाजूला त्याचा तबेला. साउथपोर्टच्या बर्कडेलमध्ये, भर वस्तीत. घोडे व्यायामाला काढायचे तर कुठे टेकड्या नि कुरणं वगैरे काही नाही, रस्त्यावरून गाड्यांच्या मधून टापा वाजवत बीचवर जायचं. मोठ्या खानदानी ट्रेनर लोकांच्या मानाने हा म्हणजे अगदीच गल्लीतला गडी. त्याच्या टॅक्सीत दर शनिवारी एक म्हातारे गिऱ्हाईक बसायचे, नोएल ले मार, ऐंशी ओलांडलेले, हॉटेलातल्या डान्सला जायला. त्यांच्या तरुणपणी तीन इच्छा होत्या म्हणे, सुंदर मुलीशी लग्न करायचं, लखपती व्हायचं आणि नॅशनल जिंकायची. पहिल्या दोन झाल्या होत्या. टॅक्सीच्या आरशात बघत बघत मॅकेननं तिसरीची जबाबदारी घेतली असावी. टॅक्सीवाले आणि म्हातारे यांच्यात काय काय ठरतं, ते घरच्यांना कळत नाही कधी.

घोडा आणल्यावर पहिल्यांदा वाळूवर काढला, तर लंगडतोय. म्हाताऱ्याचे ६,००० गिनी वाळूत. अशा वेळी माणूस व्हेटला फोन करेल किंवा तोंड लपवेल. मॅकेननं स्वाराला सांगितलं, त्याला पाण्यात घाल. का, तर लहानपणी त्याने या किनाऱ्यावर कोळंबी धरणाऱ्यांच्या गाड्या पाहिल्या होत्या. इथली ती छोटी कोळंबी, कोकणातले लोक करंदी म्हणतात तसली. ती धरायला घोडे जुंपलेल्या गाड्या खाऱ्या पाण्यात पोटापर्यंत घालायचे, आणि लंगडत गेलेले घोडे काही दिवसांनी नीट चालायला लागायचे, हे त्या पोरानं बघून ठेवलं होतं. रेड रम आयरिश समुद्राच्या त्या गार पाण्यात चालला आणि बाहेर आला तो सरळ. मग रोज वाळू, रोज पाणी. त्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याने लागोपाठ पाच रेस मारल्या.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी हे बाबांना सांगितलं. मला वाटलं आश्चर्य वाटेल. बाबा पोहे खाता खाता म्हणाले, "मग? घाटावर नेत होतोच की आम्ही चंद्रीला."

आमच्या आजोबांचा सांगलीत टांगा होता, हे मला माहीत होतं, पण एखादं कपाट घरात असतं तसं, उघडून कधी पाहिलं नव्हतं. बाबा नोकरीला लागायच्या आधीच टांगा गेला, रिक्षा आल्या. चंद्री म्हणजे कपाळावर चांद असलेली घोडी. स्टेशनवरची शेवटची गाडी झाली की आजोबा तिचं खोगीर-पट्टे उतरवायचे, खरारा करायचे, आणि बाबांनी तिला कृष्णेच्या घाटावर न्यायची. गुडघ्याच्या वर येईल इतक्या पाण्यात तिला अर्धा तास उभी करायची. धुवायचं नाही, नुसती उभी. दिवसभर डांबरावर आपटून खुरं तापलेली असायची, बाबा म्हणाले, हात लावला तर चहाच्या कपासारखी. पाण्यात गेली की ती आधी एक लांब श्वास सोडायची, मग एक मागचा पाय सैल टाकायची, मग खालचा ओठ लोंबायचा. "ओठ लोंबला की समजायचं, उतरला ताप. मग घरी." लगाम धरून पोरगं पाण्यात उभं, पायाला मासे लुचतायत, देवळातली घंटा ऐकू येतेय. बाबांनी हे सगळं मला चाळीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं आणि आता पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सांगितलं. मग विचारलं, "कुठल्या रंगाचा होता खरा घोडा? पुतळ्यात कळत नाही." मी फोटो दाखवला. "कुमेत," म्हणाले. असा शब्द आहे, हे मला तेव्हा कळलं. तांबूस अंग, काळी आयाळ, काळे पाय.

तर दुसरा कोण आला.

१९७३ च्या नॅशनलचा व्हिडिओ मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिला आणि त्यानंतर किती वेळा पाहिला ते सांगत नाही. त्यात एक क्रिस्प नावाचा घोडा आहे, ऑस्ट्रेलियातून आलेला, काळपट आणि अवाढव्य, लोक त्याला ब्लॅक कांगारू म्हणायचे. मुळात तो दोन मैलांचा बादशहा, चेल्टनममध्ये दोन मैलांची चॅम्पियनशिप त्याने पंचवीस लेंग्थनं मारलेली (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी). आणि इथे अंतर दुपटीहून जास्त. आता नॅशनल ही हँडिकॅप रेस, म्हणजे चांगल्या घोड्याला जास्त वजन, कमी चांगल्याला कमी, म्हणजे सगळे एका पातळीवर येतील आणि बेटिंगला मजा येईल असा हिशोब. क्रिस्पच्या पाठीवर १२ स्टोन, म्हणजे जॉकी धरून ७६ किलो. रेड रमच्या पाठीवर १० स्टोन ५ पौंड, ६६ च्या जरा आत. दहा किलोंचा फरक. आपण तांदळाची दहा किलोची पिशवी चौथ्या मजल्यावर नेताना जिन्यात दोनदा टेकवतो, ती पिशवी सव्वासात किलोमीटर आणि तीस उड्या. दोघांचा बेटिंगचा भाव मात्र सारखा, ९ ला १.

क्रिस्प निघाला तो निघालाच. बाकीचे घोडे जणू दुसऱ्याच रेसमध्ये. दुसऱ्या फेरीत कॅमेऱ्याला तो आणि मागचे एका चौकटीत पकडताच येईनात, वीसएक लेंग्थचा फरक, आणि उड्या अशा की कुंपण त्याला आडवं आलंय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मागे एकटा रेड रमचा जॉकी ब्रायन फ्लेचर त्याला घेऊन पाठलागावर आहे, खाली वाकून, शांत. शेवटच्या उडीनंतर उरतात जेमतेम साडेचारशे मीटर. तिथे वाट उजवीकडे वळते, त्या वळणाला एल्बो म्हणतात, कोपर. क्रिस्पचा जॉकी रिचर्ड पिटमन, त्याने तिथे लगामावरचा उजवा हात काढला आणि चाबूक उचलला, आणि दमलेला घोडा चाबकापासून लांब म्हणजे डावीकडे गेला. जायचं होतं उजवीकडे. त्याला ओढून परत वाटेवर आणेपर्यंत व्हायचं ते झालं. पिटमननं पुढे आयुष्यभर कबूल केलंय की ती चूक माझी. पण ते बाजूला ठेवा, तुम्ही क्रिस्पची मान बघा. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये ती मान पुढे जायची थांबते आणि डावीकडून उजवीकडे झुलायला लागते, पाय पुढे पडतात पण घोडा पुढे जात नाही, ओल्या वाळूत चालल्यासारखा. आणि मागून तो कुमेत येतोय, घाई नाही, थकवा नाही, रोजच्या बीचवर निघाल्यासारखा. अगदी खांबाजवळ, शेवटच्या दोन-चार ढांगांत. पाऊण लेंग्थ.

वेळ ९ मिनिटं १.९ सेकंद. जवळजवळ चाळीस वर्षांचा जुना रेकॉर्ड अठराहून जास्त सेकंदांनी मोडला. दोघांनी मिळून मोडला म्हणायचं, पण नाव एकाचंच लागलं. त्याच रेसमध्ये ग्रे सोम्ब्रेरो नावाचा पांढरा घोडा द चेअर या सगळ्यात उंच अडथळ्याशी पडला आणि त्याला तिथेच संपवावं लागलं, तो तर पहिला-दुसरा या मोजणीतच नाही. हे वाचल्यावर मी फोन पालथा ठेवला थोडा वेळ. या खेळाचं मी काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. इथे एप्रिलमध्ये ऑफिसात सगळे दोन दोन पाउंड काढून चिठ्ठ्या उचलतात, मी पण उचलते, आणि दरवर्षी कुठलातरी घोडा पडला की हिरवा पडदा लावतात आणि कॅमेरा दुसरीकडे जातो. मधल्या वर्षांत अडथळे मऊ केले, बीचर्स ब्रूकचा ओढा बराचसा बुजवला, २०२४ पासून घोडे चाळीसऐवजी चौतीस केले. तरी माझी चिठ्ठी उचलायची सवय गेली नाही, आणि पडदा दिसला की पोटात गोळाही येतोच. दोन्ही खरं आहे.

रेड रमचं पुढचं मात्र मला मनापासून आवडतं, आणि त्याचं कारण बाबांचाच प्रश्न. १९७४ ला वजन त्याच्या पाठीवर आलं, तेच १२ स्टोन. क्रिस्पचं ओझं याच्या डोक्यावर आलं म्हणा. आणि हा ते घेऊन सात लेंग्थनं जिंकला, वर लगेच स्कॉटलंडमधल्या एअर गावी जाऊन स्कॉटिश नॅशनलही मारून आला. म्हणजे ७३ ला कमी वजनावर निभावलं असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद. ७४ ला दुसरा होता लेस्कार्गो, फ्रेंचमध्ये गोगलगाय. १९७५ ला त्या गोगलगायीनं याला हरवलं, पंधरा लेंग्थनं. १९७६ ला रॅग ट्रेड पहिला. दुसरा कोण? रेड रम. लागोपाठ दोन वर्षं दुसरा. फ्लेचर ७६ च्या रेसआधीच म्हणायला लागला होता की घोडा आता पूर्वीसारखा वाटत नाही, मॅकेनचं डोकं फिरलं, जॉकी बदलला, टॉमी स्टॅक आला. गंमत म्हणजे या स्टॅकनं आधी थोडे दिवस याला ट्रेनही केलं होतं. सगळ्यांनी मनातल्या मनात घोड्याला पेन्शनीत काढलं, बारा वर्षांचा झाला, पायाचं जुनं दुखणं, आता काय. आणि १९७७ ला तो पंचवीस लेंग्थनं आला. त्या दिवशीचा आवाज ऐका कधीतरी. शेवटच्या उडीनंतर लोक ओरडत नाहीयेत, गर्दीच्या छातीतूनच काहीतरी निघतंय. दुसरा आला चर्चटाउन बॉय, जो दोनच दिवस आधी याच मैदानावर दुसरी एक मोठी रेस जिंकून आला होता. दोन दिवसांनी वर हे सव्वासात किलोमीटर! त्याचं नाव आज कोण घेतं.

पाच नॅशनल, दीडशे उड्या, आणि एकदाही पडला नाही. पुढच्या वर्षी रेसच्या आदल्या दिवशी पाय धरला, तिथे थांबला. मग सेलिब्रिटी झाला. ब्लॅकपूलची रोषणाई त्याने चालू केली, रोलर कोस्टरचं उद्घाटन केलं, बीबीसीच्या स्टुडिओत आला. स्टॅक तिकडे दुसऱ्या गावाहून पडद्यावर बोलत होता, आवाज आला तसे याचे कान उभे. १९९५ ला तिसाव्या वर्षी गेला, एन्ट्रीच्या विनिंग पोस्टजवळ पुरलाय. मॅकेननं पुढे २००४ ला अँबरली हाउसवर परत नॅशनल मारली, २०११ ला मुलानं मारलेलीही बघितली आणि त्याच सप्टेंबरात गेला.

बाबा परत गेले. जाण्याआधी दोन वेळा स्वतःहून म्हणाले, चल तिकडे, आणि भरतीची वेळ बघून आम्ही गेलो. पँट दुमडून ते गुडघ्याच्या खाली येईल इतक्या पाण्यात उभे राहिले, पाणी एवढं गार की मी दोन मिनिटांत बाहेर. ते उभेच. लोक कुत्री फिरवत होते. टाच बरी झाली का? थोडी. किंवा नवीन सोलनं झाली असेल.

परवा व्हिडिओ कॉलवर मी त्यांना ती १९७३ ची रेस दाखवली, लॅपटॉपसमोर फोन धरून. काय होणार ते सांगितलं नाही. बाबा चष्मा कपाळावर ढकलून बघत होते, क्रिस्प एकटा पुढे, मी मुद्दाम गप्प. एल्बोच्या बरंच आधी, अजून तो आरामात जिंकतोय असं दिसत असताना, बाबा म्हणाले, "गेला गं हा. मान बघ." आणि मग काही बोलले नाहीत. संपल्यावर आपणहून मीच सांगायला लागले, की बाबा, त्याच नोव्हेंबरात डॉनकास्टरला हे दोघं परत भेटले, सारख्या वजनावर, आणि क्रिस्प आठ लेंग्थनं जिंकला. हे मी राखून ठेवलं होतं, मिठाईच्या शेवटच्या तुकड्यासारखं.

बाबांनी चष्मा खाली घेतला. म्हणाले, "रेस संपल्यावर पाण्यात नेलं का त्याला कुणी?"